एका तासाचं विमान आणि पावणेआठ तासांचा प्रवास

 दुपारची भांडीकुंडी आटोपून, जरा पाठ टेकवून रेडिओ लावला असेल तुम्ही. कुणी केळीच्या बागेतून आत्ताच आली असेल, कुणी पापड वाळत घालता घालता ऐकत असेल. ऐका, पण आज एक कागद-पेन्सिल जवळ ठेवा. आज आपल्याला थोडं गणित करायचं आहे.

गणित सोपं आहे. जळगावहून मुंबईला विमानाने किती वेळ लागतो?

मोबाइलवर विचारलं तर लगेच उत्तर येतं, साधारण एक तास, सव्वा तास. माझ्या भाच्याने मला हेच दाखवलं होतं. मी त्यावर विश्वास ठेवला. उत्तर खोटं नव्हतं, पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तरच नव्हतं. हे कळायला मला चार हजार आठशे रुपये आणि एक हुकलेली भेट मोजावी लागली. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावं.

आमचं गाव पारोळ्यापासून आठ किलोमीटर आत. पारोळा म्हणजे धुळे आणि जळगाव यांच्या मधलं गाव. धुळं जवळ, जळगाव त्याहून थोडं लांब. माझी आई मुंबईला भावाकडे होती. तिच्या पोटात गाठ निघाली आणि ऑपरेशन ठरलं. भावाचा दुपारी फोन आला, "ताई, उद्या चारच्या सुमारास आईला आत नेणार आहेत." मागून आईचा आवाज आला, "माय, कवय येशी तू?"

मी म्हटलं, "आई, उद्या दुपारी येते. इमानमा येते. तू आत जायच्या आधी तुझ्याजवळ बसते."

गटातून पाच हजारांचं कर्ज घेतलं. आमच्या अध्यक्ष काकूंनी काही न विचारता पैसे काढून दिले. भाच्याने तिकीट काढलं. विमान दुपारी सव्वा वाजता. मी मनाशी हिशेब केला: सव्वाला निघणार, अडीचला उतरणार, तीनपर्यंत आईजवळ. चारला अजून तासभर बाकी.

आता प्रत्यक्ष काय झालं ते लिहून घ्या.

सकाळी साडेआठला घरून निघाले. पारोळ्यापर्यंत काळीपिवळी. स्टँडवर गाडीची वाट बघण्यात अर्धा तास गेला. मग एरंडोल, पाळधी करत जळगाव. महामार्गावर काम चालू होतं, त्यात वेळ गेला. जळगावात उतरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिथून रिक्षाने विमानतळ. आपलं विमानतळ गावाबाहेर, संभाजीनगरच्या रस्त्याला कुसुंब्याजवळ आहे. पोचले तेव्हा अकरा चाळीस. मग पिशवीची तपासणी, अंगाची तपासणी, बसून राहणं. सव्वाचं विमान वेळेवर सुटलं. दोन पंचवीसला मुंबईत उतरलं. तक्रार करायला जागा नाही. पण विमानातून उतरणं, पट्ट्यावरून बॅग येणं, बाहेर गाडी शोधणं, यात तीन वाजले. आणि विमानतळ ते दवाखाना, मुंबईच्या रस्त्याने, सव्वा तास.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. आईला चार वाजता आत नेलं होतं. भाऊ म्हणाला, "दारापर्यंत मान वळवून बघत होती."

साडेआठ ते सव्वाचार. पावणेआठ तास. त्यातलं विमान एक तास दहा मिनिटं. बाकीचे साडेसहा तास कुठल्याच मोबाइलने मला सांगितले नव्हते, कारण मी विचारलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, भरीताचं वांगं भाजायला किती वेळ लागतो? तुम्ही म्हणाल, वीस मिनिटं. पण पाहुण्यांना जेवायला वाढायचं असेल तर तुम्ही वीस मिनिटं आधी चूल पेटवता का? वांगी आणायची, काडीकचरा पेटवायचा, सोलायची, बडगीत ठेचायची, मिरची-कांद्याची पात फोडणीला टाकायची, कळण्याच्या भाकरी थापायच्या. स्वयंपाकात आपण हा हिशेब कधी चुकत नाही. प्रवासात मात्र एकच आकडा ऐकतो आणि निघतो.

आता हा आकडा येतो कुठून ते समजून घेऊ. नंतर मी हे नीट समजून घेतलं, म्हणून सांगते.

अंतर दोन प्रकारचं असतं. नकाशावर जळगाव आणि मुंबई यांच्यावर दोन बोटं ठेवा आणि मधे सरळ दोरा ताणा. तो दोरा साधारण ३५५ किलोमीटरचा भरतो. याला हवाई अंतर म्हणायचं. पण रेल्वे सरळ जात नाही. ती पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, नाशिकरोड, मग कसाऱ्याचा घाट उतरून कल्याण असं वळण घेत जाते. म्हणून रेल्वेने जळगाव-मुंबई ४२० किलोमीटर पडतं. दोन्ही आकडे खरे आहेत. एक पाखराचा, एक गाडीचा.

आपल्याकडे येतात ती विमानं बहुतेक पंख्याची, सत्तर-बहात्तर माणसांची. ती वरती गेल्यावर तासाला साधारण ५०० किलोमीटर जातात. ३५५ ला ५०० ने भागा. पाऊण तासाच्याही आत, साधारण ४३ मिनिटं येतात. मग तिकिटावर तास-सव्वा तास का लिहितात? कारण विमान लगेच वर जात नाही. आधी ते जमिनीवर धावपट्टीपर्यंत हळूहळू जातं. मग चढतं, तेव्हा वेग कमी. मुंबईत उतरताना आधीच्या विमानांची रांग असते, तेव्हा आकाशात थोडा फेरा पडतो. उतरल्यावर पुन्हा जमिनीवर जागेपर्यंत जायचं. विमान उभ्या जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या गावी जागेवर थांबलं तोपर्यंत, एवढाच वेळ तिकिटावर असतो. तुमचं गाव, तुमची एसटी, तुमची रांग, तुमची बॅग यांचा त्यात एक मिनिटही नाही.

हेच गणित बाकीच्या गावांचं करून बघा. जळगाव-पुणे सरळ अंतर साधारण ३२० किलोमीटर. जळगाव-हैदराबाद साधारण ५००. जळगाव-गोवा, मोपाच्या विमानतळापर्यंत, ६०० च्या आसपास. म्हणजे आकाशातला वेळ एक तास ते दीड तास. अंतर दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही, कारण चढण्या-उतरण्याचा वेळ सगळ्यांना सारखाच. आणि घर ते विमानतळ हा वेळ तर अजिबात बदलत नाही.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: जवळच्या गावाला विमानाचा फायदा कमी, लांबच्या गावाला जास्त. हैदराबादला गाडीने जायचं तर आपल्याला बहुधा मनमाड नाही तर अकोला गाठून तिथून दक्षिणेकडची गाडी धरावी लागते. रात्र आणि वर दिवसाचा बराच भाग जातो. तिथे विमान खरोखर वेळ वाचवतं. मुंबईला मात्र जळगाव-भुसावळकडून रात्रीच्या गाड्या आहेत, सहा ते आठ तासांत पोचवतात.

आणि धुळ्याच्या बहिणींनो, तुमचं गणित आणखी वेगळं. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे. तिथे वैमानिक होणारी मुलं-मुली शिकतात, पण तिथून तिकीट काढून मुंबईला जाता येत नाही. तुम्हाला विमान पाहिजे तर एक तर नव्वद-शंभर किलोमीटर उलट पूर्वेला जळगावला यायचं, नाही तर नाशिकच्या ओझरला जायचं. आता विचार करा, धुळ्याहून मुंबई महामार्गाने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईला जायला मुंबईकडे पाठ करून शंभर किलोमीटर जायचं, मग तपासणीला थांबायचं, मग उडायचं. तेवढ्या वेळात रस्त्याने गेलेली बाई कसारा घाट उतरलेली असते.

माझी तीच चूक झाली. फोन आला तो आदल्या दुपारी. मी त्याच रात्री धुळ्याला जाऊन मुंबईची गाडी धरली असती तर तास जास्त लागले असते, दहा-अकरा. पण सकाळी सात-आठला मी आईजवळ असते. एसटी धरली असती तर अर्ध्या तिकिटात, कारण १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे. एक तासाच्या विमानाच्या आठ तास आधी रात्रभराची गाडी पोचली असती. म्हणून आता मी दोन प्रश्न वेगळे विचारते. किती वेळ लागतो, हा एक. आणि मी किती वाजता पोचते, हा दुसरा. घाईच्या वेळी दुसरा प्रश्न मोठा असतो.

याचा अर्थ विमान वाईट असा मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यात विमान आलं याचा मला अभिमान आहे. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ साली झालं, तेव्हा आपल्याच जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या. पण विमानतळ झालं म्हणून विमान येतंच असं नाही. नियमित प्रवासी विमान यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. केंद्र सरकारच्या उडान योजनेत एअर डेक्कनचं छोटं, वीस माणसांच्याही आतलं विमान मुंबईला सुरू झालं. ते पुढे बंद पडलं. २०१९ मध्ये ट्रूजेटचं सुरू झालं, तेही थांबलं. २०२४ मध्ये फ्लाय नाइन्टीवनने गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडलं, आणि मुंबईचीही सेवा पुन्हा आली.

असं चालू-बंद का होतं? उडान योजनेत लहान गावांच्या मार्गांवर सरकार विमान कंपनीचा तोटा काही प्रमाणात भरून देतं, पण ते ठरावीक काळासाठी, साधारण तीन वर्षांसाठी. तेवढ्यात जागा भरू लागल्या तर ठीक, नाही तर विमान दुसरीकडे जातं. म्हणूनच शेजारणीने मागच्या वर्षी सांगितलेलं वेळापत्रक यंदा धरून चालू नका. कुठल्या वारी विमान आहे, आहे की नाही, हे तिकीट काढण्याच्या दिवशीच बघायचं. आणि याच योजनेत काही जागांना दराची मर्यादा असते. योजना सुरू झाली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला ती अडीच हजार रुपये होती. पण ही मर्यादा सगळ्या जागांना नसते. स्वस्त जागा आधी संपतात. माझ्यासारखी आदल्या दिवशी तिकीट काढणारी बाई महागाचंच तिकीट घेते.

आता काही कामाच्या गोष्टी सांगते, लिहून ठेवा.

पहिली. तिकिटावरचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव एकच पाहिजे. माहेरचं-सासरचं नाव, अक्षरांची चूक, सगळं तिकीट काढतानाच तपासा. तिकीट काढणारा पोरगा घाईत असतो, तुम्ही घाई करू नका.

दुसरी. विमान सुटायच्या निदान दोन तास आधी पोचा. खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. एसटीसारखं हात दाखवून ते थांबत नाही.

तिसरी, पिशवी. हातातल्या पिशवीत विळी, सुरी, अडकित्ता, कात्री, लोणचं, तूप ठेवू नका, काढून ठेवायला लावतात. काडेपेटी आणि लायटर तर कुठेच चालत नाही. आणि आपल्या बायकांची खास गोष्ट म्हणजे सुकं खोबरं. मसाल्यासाठी लेकीला खोबऱ्याच्या वाट्या द्यायची आपली रीत. पण सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं म्हणून विमानात सामानात टाकायला मनाई आहे. बिबडे न्या, पापड न्या, खोबरं तिथे घ्यायला सांगा. वजन किती चालेल ते तिकिटावर लिहिलेलं असतं, घरी काट्यावर मोजून निघा.

चौथी. म्हातारं माणूस बरोबर असेल तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागा. त्यात लाज नाही. विमानतळावर चालणं पुष्कळ असतं.

पाचवी, आणि ही हक्काची. विमान रद्द झालं तर रडत परत यायचं नाही. कंपनीने दुसरं विमान द्यायचं किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत द्यायचे. कोणतं हवं ते तुम्ही सांगायचं. उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल तरीही हाच हक्क. आपल्याकडच्या तासा-दीड तासाच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही वेळेवर येऊन बसलेल्या असाल, तर चहा-नाश्ता द्यायचा. आणि वेळेत न कळवता रद्द केलं तर वरून भरपाई: तासापर्यंतच्या विमानाला पाच हजार रुपयांपर्यंत, एक ते दोन तासांच्या विमानाला साडेसात हजारांपर्यंत, किंवा तिकिटाचा मूळ दर आणि इंधनाचा आकार, यातलं जे कमी ते. मात्र धुकं, वादळ, पाऊस अशा कारणाने रद्द झालं तर ही भरपाई मिळत नाही, तिकिटाचे पैसे मात्र परत मिळतात. तिकिटावर मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, दुकानवाल्याचा नको. निरोप त्या नंबरवर येतो. दाद मागायला सरकारचं एअरसेवा नावाचं ॲप आहे. ते गटातल्या एखाद्या मुलीकडून लावून घ्या.

आणि रेल्वेचंही एक सांगते. अचानक जायचं झालं तर तत्काळ तिकीट गाडी निघायच्या आदल्या दिवशी मिळतं, एसीचं सकाळी दहाला, साध्या स्लीपरचं अकराला. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांसाठी खालच्या बाकांचा वेगळा कोटा असतो. तिकीट काढताना वय नीट लिहा आणि खालचा बाक मागा.

आता आईचं सांगायचं राहिलं. ऑपरेशन नीट झालं. रात्री तिला बाहेर आणलं. गुंगी उतरल्यावर डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "इमानमा उनी ना तू?" मी हो म्हटलं. म्हणाली, "खिडकीमातून काय दिसस?" मी तिला तापी दिसली ते सांगितलं, केळीचे हिरवे चौकोन सांगितले. ती ऐकत ऐकत झोपली. उशिरा का आलीस, हे तिने त्या रात्रीच काय, पुढे कधीच विचारलं नाही. पण मला ते टोचत राहिलं.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत कर्जाचा पहिला हप्ता भरला आणि सगळं जसं झालं तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "पैसे परत येतील गं. पण हा हिशेब सगळ्यांच्या कामाचा आहे, वहीत लिही." तेव्हापासून आमच्या गटाच्या वहीत शेवटच्या पानावर एक तक्ता आहे. घर ते स्टँड किती. थांबणं किती. गाडीतला वेळ किती. तपासणी किती. विमान किंवा रेल्वे किती. उतरून बाहेर यायला किती. तिथून दारापर्यंत किती. खाली बेरीज. त्याखाली दोन ओळी: किती वाजता पोचणार, आणि एकूण खर्च किती. शेजारी रेल्वेचा रकाना, एसटीचा रकाना. दवाखान्यासाठी किंवा परीक्षेसाठी कुणी कर्ज मागितलं की आम्ही आधी तो तक्ता भरतो. दहा मिनिटं लागतात.

मागच्या महिन्यात आमच्यातल्या एका वहिनींच्या मुलीची हैदराबादला नोकरीची मुलाखत होती. तक्ता भरला, विमान जिंकलं. आम्ही आनंदाने पैसे दिले. दुसऱ्या एका काकूंना मुंबईला दवाखान्यात जायचं होतं. तक्ता भरला, रात्रीची रेल्वे जिंकली. सकाळी नंबर लागायच्या आधी त्या दारात होत्या.

तुमच्याही गटाच्या वहीत एक पान सोडा, मैत्रिणींनो. आज रात्रीच आपल्या गावापासून जळगावचं स्टेशन, जळगावचं विमानतळ आणि धुळ्याचं स्टँड यांना लागणारा खरा वेळ लिहून ठेवा. अडचणीच्या दिवशी गणित करायला डोकं शांत नसतं. आणि कुणी फोनवर विचारलं, "कवय येशी?", तर आपल्या तोंडून जी वेळ जाईल, ती खरी असावी.

येते. नमस्कार.